नववीचं गणित

रविवार, १२ जानेवारी, संध्याकाळ

आई गेल्यापासून काही वाटतच नाहीये. डोकं गुंतेल म्हणून नेटवर सगळ्यांनी वाखाणलेलं कॅल्क्युलसचं जाडं पुस्तक मागवलं. रोज उघडतोय, तेच पान बघतोय.

आज गोडदेवहून वहिनी आली. ती शिकवण्या घेते. त्याच पानावर बोट ठेवून म्हणाली, "भाऊजी, यातलं एक तरी गणित करून बघितलंत?"

"वाचतोय."

"ज्यात आपल्याला निदान चुकता येतं, ते पुस्तक चांगलं. यात तुम्ही नुसते बघत बसलाय." जाताना तिने नववीचं पुस्तक ठेवलं.

पन्नाशीत नववीचं? तरी बसलो. सुरुवातीची जमली, मग एकाचं उत्तर काही केल्या जुळेना. शेवटी वहिनीला फोन लावला. "पुस्तकात चुकीचं छापलंय!" तिने पायऱ्या वाचायला लावल्या. "वजाचं चिन्ह सुटलंय तुमचं." मी ऐकेना, चक्क भांडलो.

ती म्हणाली, "किती दिवसांनी आवाज चढला तुमचा, भाऊजी."

फोन ठेवला. चिन्ह खरंच सुटलं होतं. खोडून पुन्हा केलं, जुळलं.

भूक लागलीय. भात लावतो.