बसलेला आवाज

वडसा,
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

चि. पुनम,

देवरावकाकाचा आशीर्वाद. तू आणि प्रफुल जावई बरे असाल. माजरीकडे अजून पाऊस आहे का? इकडे कालही येऊन गेला. लवकर पिकणारं हलकं धान कापणीला आलं आहे आणि शेताच्या बांधीत पाणी उभं, म्हणून लोक चिंतेत आहेत. आमच्या नाटक कंपनीच्या गुणवंतरावांनी नव्या नाटकाची तालीम लावली. या वर्षी पेटीवर मी नाही. गुडघे फार दुखतात, मांडी घालून बसवत नाही, असं मी त्यांना कळवलं.

परवा जावयांचा फोन आला होता. म्हणाले, "काका, बाबा पाटीवर रोज तुमचं नाव लिहून राह्यले. एकदा येऊन जा ना." मी हो म्हणालो. मागे तुझ्या भांड्यांचा आवाज येत होता, पण तू फोनवर आली नाहीस. तुझं चुकलं नाही.

नागपूरच्या दवाखान्याच्या जिन्यावर, तुझ्या बाबाला, वारलूला, ऑपरेशनला आत नेल्यावर, तू मला विचारलं होतंस, "काका, तुमाले कवापासून माहीत होतं?" मी म्हणालो, "मले कुठून माहीत राहीन, माय?" तू उठून वरच्या मजल्यावर गेलीस. त्याला सहा महिने झाले. फोनवर मी पुन्हा तसंच काहीतरी बोलून जाईन, म्हणून लिहायला बसलो.

मला माहीत होतं, पुनम.

तुझ्या बाबाच्या आवाजाला बावीस वर्षं मी पेटीची साथ केली. तो काळी दोनमध्ये गायचा. मागच्या दिवाळीच्या तालमीत त्याला वरचा सूर लागेना. मी काही न बोलता पट्टी उतरवली. पंधरा दिवसांनी आणखी उतरवली. सगळे म्हणाले, जागरण आहे, थंडी आहे, तंबाखू-सुपारीचा खर्रा कमी कर. त्याने खर्रा खरंच कमी केला. हळदीचं दूध घेतलं, मध चाटला. आवाज बसला तो बसलाच.

मग बाकीचं दिसायला लागलं. जेवताना तो प्रत्येक घासाला पाणी प्यायचा. डावा कान ठणकतो म्हणून कापसाचा बोळा घालायचा. कान तपासून आला, तर कानात काहीच नव्हतं. नाटकातला कोट ढिला झाला म्हणून आमच्या नाटकातली नटी चंचल मागून पिना लावायची. एकदा रंग लावताना त्याने मान वर केली, तेव्हा जबड्याच्या खाली सुपारीएवढी गाठ मला दिसली. मी म्हणालो, "हे काय रे?" तो म्हणाला, "दुखत नाई." दुखत नाही म्हणजे काही नाही, असं आम्ही दोघेही धरून चाललो. तुझी आई असती तर तिने त्याच दिवशी त्याचा दंड धरून दवाखाना गाठला असता.

इथपर्यंत तू कदाचित म्हणशील, अडाणी होते, कळलं नाही. पुढचं तसं नाही.

संक्रांतीच्या आधी नागभीडकडच्या एका गावात प्रयोग होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ज्या घरी पोहे खात होतो, त्या घरची मुलगी डॉक्टर होती, सुटीवर आलेली. तिने वारलूचं बोलणं थोडा वेळ ऐकलं आणि मला अंगणात बोलावलं.

"यांचा आवाज किती दिवसांपासून असा आहे?"

"दिवाळीपासून."

"मानेत गाठ? गिळताना त्रास?"

मी होकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "काका, तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर घशाच्या डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे. दुर्बीण घालून बघतील. कॅन्सरही असू शकतो. लवकर सापडला तर बरा होतो. याच आठवड्यात न्या." तिने चिठ्ठी लिहून दिली. त्यांना मीच सांगते, असंही ती म्हणाली. मी म्हणालो, "नको बाई, तो घाबरेल. मी सांगतो."

मी सांगितलं नाही. चिठ्ठी पाकिटात ठेवली आणि होळी होऊन सीझन संपेपर्यंत काढली नाही.

का, तेही लिहितो. तारखा लागल्या होत्या, त्याच्याशिवाय नाटक उभं राहत नव्हतं, हे सगळं खरं. पण तेवढंच नाही. आवाज बसल्यावर गुणवंतरावांनी त्याला नायकाचं काम सोडून खलनायकाचं दिलं. त्या घोगऱ्या आवाजाला लोक वेडे झाले. मी त्याच आवाजासाठी एक गाणं बांधलं, खालच्या पट्टीत, जिथे त्याचा सूर फाटायचा तिथेच सम ठेवून. गावोगाव वन्स मोअर मिळायचा. बावीस वर्षांत माझ्या चालीला असा वन्स मोअर कधी मिळाला नव्हता. तो रक्त आटवून तेच गाणं दुसऱ्यांदा म्हणायचा आणि मी पेटीवर डोलत असायचो.

एकदा गाडीत त्याने मला विचारलं होतं, "देवराव, खरं सांग. माहा आवाज गेला का?"

मी म्हणालो, "गेला कुठी? भारी झाला. लोकं टाळ्या काऊन वाजवून राह्यले मंग?"

त्याला बरं वाटलं. माझ्या कानावर त्याचा फार विश्वास. सुराचं देवराव सांगेल ते खरं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

होळीनंतर मी त्याला चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूर. तेव्हा तू म्हणालीस, काकांनी धावपळ केली. मी ऐकून घेतलं. मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, तीन-चार महिने आधी आला असता तर कदाचित नुसत्या रेडिएशनच्या शेकावर भागलं असतं, गळ्यातलं स्वरयंत्र काढावं लागलं नसतं. हे त्यांनी तुला सांगू नये म्हणून मीच त्यांना विनवलं. आणि मग जिन्यावर तू मला विचारलंस.

गेल्या महिन्यात चंचलचा आवाज बसला. वीस दिवस झाले तशी मी तिला मोटरसायकलवर बसवून ब्रह्मपुरीला नेलं. ती हसत होती, "काका, सर्दी आहे नं!" डॉक्टरांनी दुर्बीण घातली, पाहिलं, काढली. काही नव्हतं. दोन मिनिटं लागली, पुनम. फक्त दोन मिनिटं.

गुडघ्यांचंही खोटंच आहे. पेटीवर बोट ठेवलं की तो फाटलेला सूर ऐकू येतो.

वारलूला यातलं काही माहीत नाही. त्याला वाटत असेल, देवराव आजारी आहे म्हणून येत नाही. मी आलो तर तो हसेल, गळ्याच्या भोकावरचा रुमाल सावरेल, मला जवळ बसवून घेईल. असं फुकट मिळालेलं मला घ्यायचं नाही. आणि तोंडाने सांगायला गेलो तर मी शेवटी काहीतरी गोड बोलून मोकळा होईन, स्वतःला मी ओळखतो.

म्हणून तुला काम सांगतो. मला माफ कर असं म्हणत नाही. हे पत्र त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखव, काही गाळू नकोस. मग तो पाटीवर जे लिहील ते जसंच्या तसं मला कळव. शिवी लिहिली तर शिवी कळव. काहीच न लिहिता पाटी बाजूला ठेवली, तर तेही लिही. ये असं लिहिलं तरच येईन.

जावयांना नमस्कार.

ऐकू येऊनही गप्प राहिलेला,
देवराव