लाल सुताची गाठ

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

दुपारी पुलाच्या उतारावर आमच्या जुन्या व्हॅनचा ब्रेक लागलाच नाही. ह्यांनी गाडी कडेच्या कठड्याला घासत कशीबशी थांबवली. मागच्या सीटवर आमची लेक चिनू होती.

घरी आल्यावर ह्यांनी वाकून बघितलं. ब्रेकच्या पेडलची लोखंडी पिनच नव्हती! तिच्या जागी लाल सुताची गाठ, झिजून तुटत आलेली. मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची गाठ. मामांनी जन्मभर माग चालवले, त्यांची गाठ कुठंही ओळखू येते.

ह्यांनी नवी पिन बसवली. मामा मात्र शांत. "धागा तुटला की गाठ मारायची. माग थांबवायचा न्हाय, कुणाला सांगत बसायचं न्हाय. इतके दिवस चालली की गाडी!"

"अजून कुठं गाठी मारल्यात?" ह्यांनी विचारलं.

मामांनी डोकं खाजवलं. "आठवत न्हाय बाबा."

ते ऐकल्यापासून चैन नाही. शिलाई मशीन, गॅसची नळी, चिनूची सायकल, सगळं तपासलं. लाल सूत कुठंच नाही. उगाच घाबरतेय का मी?

चिनू पंख्याखाली झोपली होती. लई खडखडायचा तो पंखा. मागं एकदा मामा स्टुलावर चढले आणि आवाज थांबला. केवढं कौतुक केलं होतं मी!

मान वर केली. छताच्या हुकापाशी लाल सुताचं टोक वाऱ्यानं हलत होतं.

पंखा बंद करून चिनूला उचललं, बाहेर ओट्यावर येऊन बसले. आतून मामांचा आवाज येतोय, "पंखा कशाला बंद केलास गं? चालतोय की!"

आणि बटण दाबल्याचा आवाज.