वाडीतला ताड

घोडबंदर,
१४ मे २०२५

प्रिय जोसूबाय,

येशूची कृपा तुझ्या घरावर असो. आम्ही सगळे ठीक आहोत. ठीक म्हणजे हातीपायी धड. आमच्या बियांकाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, तुझी मी स्वतः घेऊन येईन. बाकीचं फोनवर सांगायला तोंड उघडेना, म्हणून लिहितोय.

रविवारी पप्पांनी होडी काढली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन महिने तुझ्याकडे नौपाड्यात अडकलेले, शनिवारी घरी आले आणि रविवारी मिस्सा संपताच थेट धक्क्यावर! एकटे कसे सोडणार, मीही चढलो. परतताना पुनवेचं उधाण, वर पश्चिमेचा वारा. होडी अशी आपटत होती की माझे दात वाजत होते. पप्पा मात्र मजेत. "नवे डोले हायेत माझे, घाबरतोस काय?"

तुला ठाऊकच आहे, चर्चचा मनोरा आणि आपल्या वाडीतला ताड एका रेषेत आले की खाडीत वळायचं. चुकलं की वाळूचा दांडा. आजोबांपासून हीच खूण. पप्पा शोधत राहिले.

"ज्यूड, ताड कुठं हाय रे? मना दिसत नाय."

मी दोर आवळायला वाकलो. तेवढ्यात दांड्यावर लाट फुटली, होडी आडवी झाली, गुडघाभर पाणी आत. मी सुकाणू हिसकावून अंदाजाने वळवलं. कसे वाचलो, देव जाणे.

धक्क्यावर पप्पांनी डोळ्यांसमोर हात धरून बोटं मोजली. पुन्हा मोजली. "ताडासारखा ताड दिसत नाय, आंधला झालो मी," म्हणाले. मी हबकलोच. तेव्हापासून ते उंबरा ओलांडत नाहीत. होडी शेजारच्या काळुरामला देऊन टाक म्हणतात.

तू डॉक्टरांशी भांडायला निघाली आहेस म्हणे. नको भांडूस. डोळे उत्तम आहेत.

ताड मी तोडला. लग्नाच्या मांडवाला जागा हवी होती. पप्पा आले की सांगू म्हटलं, आणि राहिलं. बुडायची वेळ आली तरी तोंडातून शब्द निघाला नाही, जोसूबाय. तीन दिवस ते डोळ्यांवर भरवसा न ठेवता भिंत चाचपत चालतात आणि मी बघत बसतो. माझीच मला किळस येते.

हे पत्र आधी पेटीत टाकतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मग पप्पांना वाडीत नेतो. बुंधा त्यांना स्पष्ट दिसेल.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायला लाजणारा,
ज्यूड