कापडी संत्र्याचा बहर

तीर्थरूप आत्या,

पाया पडते. गुडघा दुखायचा थांबला का? आधी माझी चूक दुरुस्त करते. कचेरीत संत्र्याचं बुटकं झाड आहे आणि मी त्याची काळजी घेते, असं मी मागे लिहिलं होतं. आत्या, ते झाड कापडी आहे. आधीच्या बाईंनी कामाच्या चिठ्ठीत 'झाड : रोज सकाळी' एवढंच लिहून ठेवलं होतं. आपल्या घरी झाडाचं रोज सकाळी दुसरं काय करतात? मी सात महिने तांब्याभर पाणी घातलं. त्या नुसती धूळ झटकायच्या, हे मला नंतर कळलं. हेडक्लार्क म्हणाले, "शिकलेली ना गं तू?" (दादा, आत्याला वाचून दाखवताना इथे हसू नकोस.)

मग मी पाणी तोडलं. तीन आठवड्यांनी मनाला लागून राहिलं म्हणून एकदाच घातलं. बहर यावा म्हणून तू लिंबाला असाच ताण देतेस हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं, कारण गेल्या शुक्रवारी त्या कापडी झाडाला बहर आला. पांढरी, जाड पाकळ्यांची फुलं. वास जिन्यापर्यंत जातो. कोण अत्तर लावून येतंय, असं हेडक्लार्क विचारतात आणि माझ्याकडे बघतात. पानांच्या पाठीवर शिवण आहे तशीच आहे. मी एक पान (न विचारता, हे कबूल करते) कापून पाहिलं. आत तार होती आणि ती ओली होती. कुंडीत सिमेंट आहे, त्याला आता चीर गेली आहे. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणतात, "तू लावलीस सवय, तूच निस्तर."

अडचण अशी की जुन्या कागदांना कीड लागू नये म्हणून इथे जिवंत झाडाला बंदी आहे. सामानाच्या यादीत 'कृत्रिम झाड, एक' यापुढे सही मला करायची आहे. केली तर खोटं होईल. नाही केली तर झाड फेकतील आणि मला कायम करायचा कागद हेडक्लार्कच्या खणातच राहील.

बाकी मी मजेत आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. मजेत आहे हे तितकंसं खरं नाही. बहर आल्यापासून मी पुन्हा रोज पाणी घालते; काल न घालता निघाले तर मागे फुलं गळू लागली, एकेक. मी दारात थांबले की ती थांबत. पुन्हा चालू लागले की टप्.

आणखी एक ता. क. पत्र लिहिण्याचं कारण हे : लिंबाशेजारी हातभर खड्डा खणून ठेव आणि माझंही अंथरूण काढून ठेव. झाड मी रीतसर मागून घेईन. 'कृत्रिम' खोडून 'जिवंत' लिहायचं आणि सही करायची, गुरुवारी, एकोणीस तारखेला, सकाळी अकरा वाजता.