पाच पायांची माशी, तांबरम

२ डिसेंबर

"मारू नका!" एवढंच ओरडले. न्हाणीघरात आई झाडू उगारून उभ्या. "अगो, डास बघ केवढा!" आई म्हणजे तन्मयच्या आई, माझ्या सासूबाई. डास कसला — क्रेन फ्लाय! मराठीत धड नावसुद्धा नाही बिचारीला. चावत नाही, रक्त पीत नाही, चार दिवस जगते आणि जाते. काडीसारखे लांब पाय, हात लागला की गळतात. डबीत घेईपर्यंत एक गळलाच. तो बादलीमागे सापडला.

नर आहे. पिवळट अंग, पंखांवर तपकिरी ठिपके. असला इथे कधी पाहिला नाही. दोन वर्षं प्रकल्पासाठी एन्नोरच्या खाडीत चिखल तुडवतेय, सापळ्यात येते ती औष्णिक केंद्राची राख आणि त्याच त्या नेहमीच्या जाती. आणि हा आपल्या पायांनी घरी आला! उद्या कधी उजाडतंय असं झालंय.

३ डिसेंबर

प्रयोगशाळेत प्रतापसिंह सरांनी डबी उजेडात धरली. सर तंजावरचे मराठी. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, आणि मराठीही तेव्हाचीच राहिली, वर तमिळची फोडणी.

"सरी मा. हें कोठें सांपडलें?"

"न्हाणीघरात."

"कोणाच्या?"

"आमच्या!"

हसले नाहीत. दुपारभर पंखांवरच्या शिरा ताडून पाहिल्या. मग शेपटाकडचा भाग, कारण नराची जात खरी तिथेच कळते. जुन्या पेटीतल्या आंबोलीच्या नमुन्याशी तंतोतंत जुळली. ही जात सह्याद्रीचा ओला माथा सोडून कुठे नोंदलेलीच नाही. आणि आमचं तांबरम! समुद्रसपाटी, उकाडा, घामोळं!

सर म्हणाले, "एक माशी म्हणजे वस्ती नव्हे. आणखी आण." मग चष्मा पुसत म्हणाले की वस्ती सापडली तर मार्चमध्ये संपणारा माझा प्रकल्प आणखी तीन वर्षं चालेल. ते उगाच बोलणारे नव्हेत. घरी येताना मी स्टेशनवर उतरायचंच विसरले.

५ डिसेंबर

ओरगडमहून कंपनीची बस उशिरा आली. तन्मय बूट काढता काढताच म्हणाला, "पुण्याच्या प्लँटला जागा निघालीय. पोंगलनंतर कळवायचंय."

मी कुकर गॅसवरून उतरवला.

"आईसाठी गं. तिचा जीव इथे रमत नाही."

तेही खरं असेल. बाबा गेल्यावर तोच त्यांना इथे घेऊन आला. आंबोलीहून येताना त्यांनी अळूची कुंडी मांडीवर घेऊन सगळा रेल्वेप्रवास केला, इथलं अळू घशाला खाजतं म्हणून. ती अजून बाल्कनीत आहे. वड्या झाल्या की तन्मय हटकून म्हणतो, "गावचं अळू ते गावचं अळू!" आणि आई खाली बघून वाढत राहतात.

पण माझं काय? पुण्यात मला माश्यांसाठी कोण ठेवून घेणार आहे? म्हटलं, दुसरी माशी मिळेपर्यंत थांब. तर म्हणतो, "माशीवर संसार ठरवायचा का?" कुकरचं झाकण आपटलं. वरण सांडलं. मीच पुसलं.

११ डिसेंबर

एन्नोर. काहीही नाही. येताना रेल्वेलाइनीपलीकडच्या डबक्यांत जाळी फिरवली, कुत्री मागे लागली.

१२ डिसेंबर

नाही.

१७ डिसेंबर

हात स्वस्थ बसत नाहीत. क्रेन फ्लायची कुळं चार की सगळं मिळून एकच, यावर लोक अजून भांडतायत. एकाच माणसाने म्हणे आयुष्यात अकरा हजारांवर जातींना नावं दिली. आणि मला एक दुसरी माशी मिळेना! नकाशावर तांबरमला पेन्सिलने ठिपका काढला. खोडला. पुन्हा काढला.

खालच्या मजल्यावरच्या अन्नपूर्णाबाई आईंना हाक मारून गेल्या. दोघी रोज संध्याकाळी फिरायला जातात. सरांसारख्याच त्या तंजावरच्या. "पेरिय कोसु मिळाला कां गे?" मला विचारतात. मोठा डास! हसू आलं नाही.

२२ डिसेंबर

संपलं सगळं.

सकाळी मिरच्यांच्या रोपाला पाणी घालताना अळूच्या कुंडीत मातीतून काहीतरी उभं दिसलं. वाळक्या काडीएवढं. कोषाची रिकामी कात! अळी ओल्या मातीत वाढते, कोष अर्धा वर सरकतो, माशी निघून जाते आणि कात तिथेच राहते. हे मी पोरांना शिकवते! आणि स्वतःच्या बाल्कनीत बघायचं सुचलं नाही. मूर्ख!

म्हणजे माशी तांबरमची नाहीच. कुंडीतल्या मातीतून पिढ्यानपिढ्या आंबोलीच चाललीय. आईंनाही सांगितलं, "तुमच्या मातीबरोबर आली हो ती!" त्या पाणी तापवत होत्या. "असं?" म्हणाल्या, आणि गॅस बारीक केला.

२३ डिसेंबर

सरांना सांगितलं. त्यांनी डबी पुन्हा उजेडात धरली. "म्हणजे आमच्यासारखेंच की! कोणाच्या तरी सामानांतून आले." मग गंभीर झाले. "आम्हांस येथचे म्हणून मोजायला तीनशें वर्षें लागलीं मा. हिला इतक्यांत कसें मोजूं?"

ठिपका खोडला. या खेपेला कागदच फाटला. येताना लोकलमध्ये रडले, खिडकीकडे तोंड करून.

३० डिसेंबर

तन्मयला हो म्हटलं. इतका खूश झाला की येताना म्हैसूरपाक घेऊन आला. आईंना म्हणाला, "आता गावी कधीही जाता येईल तुला." त्या नुसत्याच "बरं" म्हणाल्या आणि अन्नपूर्णाबाईंकडे गेल्या. जेवायच्या वेळीच वर आल्या. मला त्यांचा रागच आला. ज्यांच्यासाठी सगळं सोडतेय, त्यांना आनंदसुद्धा नको?

९ जानेवारी

आईंना विचारलं, कुंडी कशी न्यायची? म्हणाल्या, "राहू दे इथेच."

"अहो, मांडीवरून आणलीत ना एवढी!"

"राहू दे म्हटलं ना!"

आवाज चढला. या घरात त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

१३ जानेवारी

भोगी. सगळी गल्ली जुनंपानं जाळतेय, पहाटेपासून डोळे चुरचुरतायत. आम्हीही नको असलेलं बाजूला काढत होतो. तन्मय आंघोळीला गेला तशा आई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"ते अळू आंबोलीचं नव्हे गो."

मी हातातली रद्दी खाली ठेवली.

"ते पहिल्याच उन्हाळ्यात जळालं. माती फेकून दिली. हे एरीकाठचं, इथल्या तळ्याचं. अन्नपूर्णाबाई न् मी गेल्या पावसात तळ्यावरून उपटून आणलं, मातीसकट. चिंच बेताची पडली की कुठलंच अळू खाजत नाही. तन्मय गावचं गावचं म्हणून खायचा, मग कसं सांगू?"

माती इथली. म्हणजे माशीही इथलीच! एरीकाठी वस्ती असणारच!

"आणि पुणं? तो तर तुमच्यासाठी —"

"मला कुणी विचारलं?"

मी जाळी आणि डब्या शोधायला धावले. मागून म्हणाल्या, "थांब, चप्पल घालते. तुला वाट ठाऊक नाही."