खुर्चीच्या पाठीवरचं नाव

१० मे, रविवार
माघारीची मुदत संपली. मैदानात आता तिघी उरल्या. म्हणजे उभं राहणं पक्कं झालं, बाप्पा! रिटायर होऊन दोन वर्षं झाले, आता कुठं दुपारची झोप लागाले लागली होती, तं हे नवं खूळ. पंचायत समितीची पोटनिवडणूक, जागा बाईची, अन् पक्षाले घराघरात ओळखीची बाई पायजे होती. तीस वर्षं नर्स म्हणून ह्याच गावाईतून आधी सायकल, मंग लूना तुडवली. अर्ध्या मतदाराईची नाळ मीच कापली. हे म्हणाले, "त्याईनं मत नाही देल्लं तं नाळ परत जोडून देजो." एसटीत कंडक्टर होता हा माणूस. नोकरी संपली, तोंड काही रिटायर झालं नाही.

दुपारी अंगणात टेम्पो. तीनशे खुर्च्या, माईक, दोन भोंगे. मी कोणाले काही मागितलं नव्हतं. डायवर म्हणे, "श्रीधरभाऊनं पाठवलं. निवडणूक होईस्तोवर राहू द्या म्हणे." लाल खुर्च्या. हरेक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या पेंटनं 'श्रीधर कृषी केंद्र'.

नेमका हाच माणूस भेटला का देवा मले? तीन वर्षांमागं ह्याच्याच दुकानातलं सोयाबीन अर्ध्या गावात उगवलं नाही. चौकशी झाली, म्हणे कंपनीनं फसवलं, याले काही माहीत नव्हतं. सुटला. पण गावानं नाही सोडलं.

१२ मे, मंगळवार
पक्षाचे तालुकाध्यक्ष आले. चहा नको, लिंबूपाणी पायजे, त्यात साखर नको. खुर्च्या पाहून खूश झाले, मंग पाठ पाहिली अन् तोंड उतरलं.

"हे नाव झाकून टाका, मॅडम."

म्हटलं, परतच पाठवतो न.

"परत कायले? तीनशे खुर्च्या कोण देते आजकाल? मागच्या खेपेले ह्याच खुर्च्या तिकडच्या पार्टीकडं होत्या, त्याईनं बी कागदच चिकटवले होते."

म्हणजे खुर्च्या चालते, भोंगे चालते, माणूस नाही चालत. तोंडावर बोलून टाकलं मी. ते हासले. "मॅडम, तुमी राजकारणात नव्या आहा."

दिवसभर मैद्याची चिकी लावून पक्षाचे कागद चिकटवणं चाललं. ह्याईनं शंभर चिकटवले, मी बाकीचे. कंबर धरली.

१४ मे, गुरुवार
कांता आली. माझी धाकटी जाऊ. खुर्ची पुढं केली तं उभीच राह्यली. मंग खाली फरशीवर बसली. एक कागद कोपऱ्यातून निघाला होता, तेवढ्यातूनच तिनं वळखलं.

"बाई, मी ह्या नावाले पाठ टेकत नाही."

सोयाबीन उगवलं नाही त्या साली तिनं दोनदा पेरलं. दुसऱ्या पेरणीले घरातलं होतं नव्हतं गेलं, अन् वेळ निघून गेली तं पीक बी नाही आलं. तवापासून माझा दीर पुण्याले एका कंपनीच्या गेटवर बसते. दिवाळीले येते, चार दिवस राह्यते. शेत कांता एकलीच पाह्यते. हाताले घट्टे पडले पोरीच्या.

म्हटलं, मी मागितल्या नाही वं, त्यानंच पाठवल्या.

"मंग ठेवल्या कायले?"

जाताना लोणच्याची बरणी ठेवून गेली. राग आहे पण लोणचं देल्लं, म्हणजे अजून पुरतं तुटलं नाही.

१७ मे, रविवार
फुलसावंगीच्या अलीकडच्या तांड्यावर गेलती. प्रचार कायचा, ओपीडीच झाली. एका म्हाताऱ्या बाईनं, सारे तिले याडी म्हणते, दंड पुढं केला, "बीपी पाह्य आधी." मशीन नव्हतं तं मत नाही म्हणे. उद्यापासून मशीन पर्सीत ठेवाचं.

संध्याकाळी तिथंच छोटी सभा. उन्हानं चिकी वाळून कागद पटापटा सुटून राह्यले. स्टेजवरून तं नाव दिसत नाही, मागच्यालेच दिसते पुढच्याच्या पाठीवर. एक जण ओरडला, "सिस्टर, बियाणं बी त्याच्याकडलंच आहे का?" सारे हासले. मी बी हासली, पण कान गरम झाले. बस झालं. परवा जाऊन खुर्च्या परत करतो.

१९ मे, मंगळवार
श्रीधरभाऊच्या घरी गेलती. आज जे ऐकलं ते लिहू का नको असं झालं. लिहितो. ही वही माझीच आहे.

आधी त्याच्या बायकोचा बीपी पाह्यला. एकशे सत्तर. त्या साली लोकाईनं दुकानाचं शटर तोडलं होतं, तवा बी मीच आलती बीपी पाहाले. ड्यूटी होती म्हणून. पण त्याईच्या लक्षात राह्यलं.

म्हटलं, भाऊ, खुर्च्या घेऊन जा.

"ठेवा सिस्टर. मले काही नाही पायजे. फकस्त तुमच्या सभेत पाच मिनिटं माईक द्या."

मनात म्हटलं, आला मुद्द्यावर! भाषण ठोकाचं आहे याले. काय बोलाचं आहे, विचारलं. बोलेचना. बायको आतून म्हणाली, "सांगून टाका न आता."

मंग सांगतलं. विकाच्या आधी त्यानं स्वतः उगवण पाह्यली होती. आपण पाह्यतो तशीच, ओल्या पोत्यात शंभर दाणे मांडून. एकतीस उगवले. सत्तरच्या खाली असन तं पेरू नये, हे आमच्या इथं शेंबड्या पोराले बी समजते. कंपनीवाला म्हणे पाणी कमी पडलं असन, विकून टाक, उचललेला माल परत होत नाही. यानं विकलं. चौकशीत सांगतलं का मले माहीत नव्हतं.

"सारे म्हणते सुटला. मले झोप नाही अन् हिले बीपी. माफी मागाची आहे, सिस्टर. घराघरात गेलो तं कोणी दार उघडत नाही. तुमच्या सभेले सारं गाव येईन."

माझ्या तोंडून एकच निघालं. कांतानं त्यातल्याच तीन बॅगा नेल्या होत्या.

"माहीत आहे," म्हणाला.

२० मे, बुधवार
डोकं भणभण. राग येते अन् कीव बी येते, दोन्ही एकाच टायमाले. असं कसं होते?

ह्याईले सांगतलं. म्हटलं, माझ्या डब्यातला बर्फ वितळला होता एकदा, लस फेकून देल्ली अन् साहेबाले जाऊन सांगतलं. मेमो भेटला. अजून ट्रंकेत आहे. मी नाही लपवलं, मंग यानं काहून लपवलं?

हे म्हणाले, "तुले सरकारी नोकरी होती. मेमोवर भागलं. त्याचं दुकान बसलं असतं."

म्हटलं, म्हणून दुसऱ्याचं शेत बसवाचं?

"मी बरोबर नाही म्हणून राह्यलो. तू इतकी कडक नको होऊ, एवढंच म्हणतो."

आज दोन घास कमीच जेवली मी.

२२ मे, शुक्रवार
अध्यक्षाले फोन केला. श्रीधरभाऊले पाच मिनिटं देणार आहो, अन् तो माफी मागणार आहे. कशाची ते मोघम सांगतलं. फोनवर नुसता धूर!

"वेड लागलं का, मॅडम? आपल्या स्टेजवर? लोकं म्हणतीन हाच यांचा माणूस. तिकडचे व्हिडिओ काढतीन. माफी मागाची असन तं निकालानंतर मागा म्हणा, मी सोता मांडव टाकून देतो!"

म्हटलं, त्याच्या खुर्च्यावर बसवून मत मागाचं, अन् तो खरं बोलतो म्हणते तं तोंड दाबाचं?

"मंग यवतमाळहून पक्षाचे मोठे साहेब नाही येणार सभेले. पाहून घ्या तुमचं तुमी."

पाहून घेऊ. पस्तीशीत रात्रपाळीच्या डिलिव्हऱ्या एकटीनं केल्या, हे काय आहे!

असं लिहिलं खरं, पण साहेब नाही आले तं मतं कमी होतीन. मले निवडून याचं आहे. कोणाले सांगतलं नाही, इथं लिहितो. मले मनापासून निवडून याचं आहे. उपकेंद्रात पाण्याची टाकी नाही, बाळंतिणीचे कपडे नवरा घरून बादली आणून धुते. तीस वर्षं अर्ज केले. आता सहीचं पेन माझ्या हातात पायजे.

२४ मे, रविवार
कांताकडं बसली दुपारी. शेवया वळून राह्यली होती. मी बी दोन हात लावले. चारदा तोंडाशी आलं. नाही सांगतलं. त्याची गोष्ट त्यानंच सांगावं, असं मनाले समजावलं. खरं म्हणजे भ्याली मी.

ती म्हणाली, "गप्प काहून आहा, बाई? तब्येत बरी न?"

२७ मे, बुधवार
सभा झाली. सहा वाजता, उजेड होता अजून. साहेब नाही आले. निरोप आला, गाडी बिघडली. अध्यक्ष आले, पण मांडवाच्या खांबाशी उभे, म्हणजे वेळ आली तं पळाले बरं.

मी आधी बोलली, टाकीचं, रस्त्याचं. मंग म्हटलं, श्रीधरभाऊले काही सांगाचं आहे, ऐकून घ्या. गलका झाला. "उतरवा खाली!" तो माईकजवळ आला. कागद आणला होता लिहून, तो काही उघडला नाही.

"मले माहीत होतं," म्हणाला. "बियाणं खराब आहे हे मले विकाच्या आधी माहीत होतं. चौकशीत खोटं बोललो. मी तुमचा गुन्हेगार आहो."

एवढंच. पाच मिनिटं मागितले होते, एक बी नाही लागलं. मागं कांता उभी होती, ती खुर्चीवर बसलीच नव्हती. तिथून तिचा आवाज आला.

"शंभरात किती उगवले होते?"

"एकतीस."

"अन् तरी मले तीन बॅगा देल्या?"

"देल्या."

मंग जो गोंधळ झाला तो काय लिहू. काही जणाईनं खुर्च्या आपटल्या. एक म्हातारा रडाले लागला. श्रीधरभाऊले कोणी हात लावला नाही, मीच पुढं उभी होती म्हणून असन. पंधरा मिनिटांत मांडव रिकामा. मागून गेली तं सारे कागद फाडलेले, तीनशे पाठीवर त्याचं नाव.

कांता थांबली होती.

"तुमाले माहीत होतं, बाई?"

"हो."

"कवापासून?"

"आठ दिवस."

"रविवारी माह्या शेवया वळल्या तवा बी?"

मान हालवली. ती गेली. मतं गेले त्याचं नंतर पाहू, पण तिची पाठ पाहून जीव तुटला माझा.

२८ मे, गुरुवार
व्हिडिओ नेरपर्यंत पोचला. तिकडं माझी मामेबहीण राह्यते, तिचा फोन. समोरच्या पार्टीची गाडी आमच्या दारावरून ओरडत गेली, "एकतीस टक्केवाल्या बाईले मत देऊ नका!" हे म्हणाले, "मतदान बी एकतीस तारखेलेच आहे. फुकटात तारीख लोकाईच्या ध्यानात राह्यते." हासली मी. मंग रडली. ह्याईनं पाणी आणून देल्लं.

श्रीधरभाऊ सकाळीच तालुक्याले गेला, कृषी अधिकाऱ्याकडं, लिहून द्याले. लायसन जाईन म्हणते. अध्यक्ष फोन उचलत नाही. तांड्यावरची याडी मात्र पायी आली, दंड पुढं केला. "तुनं त्याले बोलू देल्लं ते बरं केलं," म्हणाली. मत देशीन का, विचारलं. "पाहीन," म्हणे.

२९ मे, शुक्रवार
सकाळी कांता अंगणात. हातात ओलं पोतं, ओच्यात सोयाबीन. माझ्याशी बोलली नाही, निंबाच्या सावलीत बसून दाणे मांडाले लागली. दहा-दहा दाण्याच्या दहा ओळी.

शेवटी मीच विचारलं, कुठलं आहे वं?

"त्याच्याच दुकानातलं. यंदाचं. काल संध्याकाळी गेलती. म्हटलं, माह्यासमोर बॅग फोड. फोडली त्यानं. मूठभर आणलं."

"विकत घेशीन त्याच्याकडून?"

"मी कुठं म्हटलं घेतो? पाह्यतो म्हटलं." वरून पोत्याची घडी टाकली, पाणी शिंपडलं. "तुमच्याच अंगणात ठेवतो. माह्याकडं ऊन लागते. मंगळवारी उघडू. त्याच्या आत कोणी हात लावाचा नाही. तुमी बी नाही."

मंगळवारी तं मतमोजणी आहे, मी म्हटलं.

"आहे तं आहे."

३१ मे, रविवार
मतदान. शाळेत बूथ. बायका माझ्याकडं पाहून हासत होत्या, पण कसलं हासणं ते समजलं नाही. श्रीधरभाऊ अन् त्याची बायको रांगेत शेवटी, दोघंच, पुढच्यानं चार हात जागा सोडली होती. कांता आली, मत टाकलं, बोटाची शाई पदराले पुसत गेली. कोणाले देल्लं, विचारलं नाही. आता विचाराचा हक्क नाही मले.

डोक्यात हिशेब चालू होता दिवसभर. किती जणी, किती घरं. मंग सोडून देल्लं.

१ जून, सोमवार
खुर्च्या न्याले टेम्पो आला. ह्याईनं मोजून देल्या, दोन मोडलेल्या निघाल्या. डायवर म्हणे, भाऊ म्हणाले राहू द्या. मी म्हटलं, नाही, भरून देऊ.

कांता माहेरी गेली, उद्या पहिल्या गाडीनं येते. जाताना कुंपणाच्या पलीकडूनच ओरडली, "बाई, पोत्यावर दोन टाइम पाणी शिंपडजा. उघडून पाहाचं नाही!" पाच दिवसांनी पहिल्यांदा बाई म्हणाली.

सकाळी शिंपडलं. आता पाच वाजता परत शिंपडलं. एका कोपऱ्यात पोतं जरासं वर उचललं गेलं आहे, खालून काहीतरी ढकलून राह्यल्यासारखं. सारा वेळ तिकडंच लक्ष. एक बोट घातलं असतं तं समजलं असतं.

नाही घातलं. कोपरा आणखीन थोडा ओला केला, अन् उठली.