कापडाची कात्री

प्रिय ठमे,

दोन महिने झाले, तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, नमतं घ्यायचं म्हटलं की माझी मान दुखते. पण आज दुकान लवकर बंद करून शिलाई मशीनवरच लिहायला बसलेय, तेव्हा निमूट वाच.

परवा गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. गेल्या वर्षी वारलेल्या यजमानांचा कोट त्यांनी स्वतःच्या मापाचा करायला दिला होता. एक बटण फुटकं होतं, ते मी न सांगता बदललं, वर स्वतःवर खूशही झाले. बाईंनी ते पाहिलं आणि अशा काही कडाडल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. मीही तोंड उघडणार, तेवढ्यात त्या स्टुलावर बसून रडायलाच लागल्या. म्हणाल्या, बोलताना ते हेच बटण पिरगाळत बसायचे हो. मी कचऱ्याचा डबा उलटा केला, चिंध्यांतून ते बटण शोधलं आणि होतं तिथे शिवून दिलं.

त्या गेल्यावर माझं काम पुढे सरकेना. तुला लहानपणी शिकवलं होतं, आठवतं? बगलेत शिवण उसवली तर बगलेतच टाके घालत बसू नये, आधी पाठ बघावी, तिथे कापड कमी पडलेलं असतं. लोकांचे कपडे मी तीस वर्षं असे उलटे करून पाहिले. स्वतःचा राग एकदाही पाहिला नाही.

तू नोकरीसाठी परगावी निघायच्या आदल्या दिवशी माझ्या कापडाच्या कात्रीने खोक्यांचे पुठ्ठे कापत होतीस. त्या कात्रीला कागद लावणं म्हणजे आपल्या घरात महापाप. मी नको नको ते बोलले. जिला कात्रीची कदर नाही तिला आईची काय असणार, इथवर गेले. सकाळी तू चहाही न घेता निघालीस आणि मी आतल्या खोलीत शर्टाची काजं करत बसून राहिले. उठले नाही.

तू गेल्यावर कात्री धारवाल्याकडे नेली. त्याने चिंधीवर चालवून पाहिली आणि म्हणाला, मावशी, धार शाबूत आहे, उगाच कशाला घासायची? मला हायसं वाटायला हवं होतं. मी उलट त्याच्यावरच उखडले. रागवायला आता काही उरलंच नव्हतं, नुसती तुझी रिकामी खाट होती.

ठमे, मला भीती वाटली होती गं. तू गुणगुणत, झपाझप पुठ्ठे कापत होतीस, आणि मला वाटलं, ही आता परत येत नाही. तुला आनंद होणारच, व्हायलाच हवा. पण भीती वाटते हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत, त्यांच्या जागी राग धावून येतो. एवढंच कळवायचं होतं. आता या कागदाच्या कडा बघ. कपडे बेतायचा आपला खाकी कागद आहे, त्याच कात्रीने कापलाय. रविवारी फोन करीन. उचल.

तुझीच,
कजाग आई